खतावणीची मागली पानं

कुठं शिकलात, म्हणून विचारता.
तर लिहा: अनाडार्कोच्या दुकानात, पिठाच्या पोत्यांमागं.
भरलेली खतावणी दुकानदार फेकून द्यायचा,
मामा ती झटकून घरी आणायचा.
पुढल्या बाजूला गावाची उधारी
(कॉफी, खिळे, तंबाखू, एक लाल घोंगडी),
मागल्या बाजूला मामाचे घोडे.
शाई पाझरून आरपार यायची,
म्हणून मला आठवणाऱ्या प्रत्येक घोड्याच्या पोटात
कुणाचं ना कुणाचं देणं आहे.

शिकवलं म्हणाल तर काहीच नाही.
बायसनच्या हाडाचा जाळीदार तुकडा हातात दिला,
गेरू चरबीत कालवायला लावला,
आणि एवढंच म्हणाला: आधी पाठ. एका दमात.
मध्येच हात उचललास, की घोडा लंगडला.
माझे पुष्कळ लंगडले.
मामा त्यांना हसला नाही,
त्यांच्यासाठी गवत काढत बसला.

हिवाळे त्याच्या ताब्यात होते.
एका कातड्यावर, प्रत्येक हिवाळ्याची एक काळी उभी रेघ
आणि रेघेवर एकच चित्र, जास्त नाही.
ठिपक्यांचा माणूस म्हणजे गोवराचं साल.
तारेत अडकलेलं हरीण म्हणजे कुंपणं आली ते.
वर्षभराच्या गोष्टींतून एक निवडायची,
बाकीच्या तोंडानं सांगायच्या.
मी विचारलं, चुकीची निवडली तर?
म्हणाला, तर ती बरोबर होईपर्यंत सांगत राहायचं.

आठव्या वर्षी गाडी आली.
शाळेत आधी कात्री, मग नाव:
सदऱ्यावर टाचलेला एक कागद, लूथर.
आमची बोली तोंडात सापडली की साबण.
त्याची चव अजून जिभेखाली आहे,
आज सकाळीसुद्धा होती.
रात्री खाटेखाली उताणा शिरून
फळ्यांवर कोळशानं घोडे काढायचो.
वर निजलेल्या पोराला ठाऊक नव्हतं
तो कशावर स्वार आहे.

मिस ऑगस्टा एबर्ली हिनं ते पाहिले.
मारलं नाही. गुरुवारी इस्त्रीच्या खोलीत बोलावून
जलरंगांची डबी पुढं सरकवली.
आठ खाचा, सात वड्या,
तपकिरी कुणीतरी संपवलेली.
मी अंगणातली माती भिजवली.
बाई दाराला कडी लावून
बाहेर चादरी मोजत उभी राहायची, मोठ्यानं,
कुणी आलं तर आकडा चुकायची.

मग नॉर्मनचं विद्यापीठ.
शेजारच्या वर्गात गोरी मुलं
प्लास्टरचा हात समोर ठेवून त्याची सावली काढत होती.
मी म्हटलं, मलाही ते शिकायचंय.
प्राध्यापक भला माणूस, कळवळून म्हणाला,
नको रे, शिकलास तर बिघडशील.
मामानं दिलंय तेवढंच काढ, सपाट, स्वच्छ.
काय बोलणार? त्यानंच कागद दिले होते, त्यानंच जेवण.
शनिवारी पाहुणे आले की पिसं बांधून आम्ही नाचायचो,
सोमवारी ते चित्रं विकत घ्यायचे.

संध्याकाळी मी पाण्याच्या टाकीपाशी जायचो.
तिथं एक कॉटनवुड होतं.
त्याची नुसती सावली काढायचो, झाड नाही.
असे तेवीस कागद कोटाच्या अस्तरात शिवले.
कोट कुणाला तरी दिला मी, थंडी होती.

मामा गेला तेव्हा कातडं माझ्याकडं आलं.
मी बोटानं हिवाळे मोजत गेलो.
मला नेलं त्या साली
तीन म्हातारे वारले होते, कुरण जळालं होतं,
सरकारनं जमिनीचे पैसे बुडवले होते.
त्या रेघेवर यातलं काही नाही.
एक वेणी आहे. कापलेली.
आणि वेणीखाली पुसट करडा डाग.
चरबीचा असेल.
मामा कधी सावली काढत नव्हता.

यंत्र बंद केलंत? बरं झालं.
आता ती तुमची वही द्या इकडं,
हो, उलटी करून.